घटक ५ : नावांवरून माणसांचा माग – नॉर्मन टिंडेल (१९००–१९९३)

प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण गावांच्या नावांचा विचार केला. या घटकात आपल्याला मानवसमूहांच्या नावांकडे वळायचे आहे. आपल्या मेळघाटातील कोरकूंचे नाव घ्या. त्यांच्या भाषेत ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून कोरकू म्हणजे ‘माणसे’. हे नाव त्यांनी स्वतःला दिलेले आहे. याउलट कातकरी हे नाव कात पाडण्याच्या व्यवसायावरून पडले. पहिले नाव आतून आलेले आहे आणि दुसरे बाहेरच्यांच्या व्यवहारातून. दोन्ही नावे काही सांगतात, परंतु दोन्ही एकच गोष्ट सांगत नाहीत.

एखाद्या जमातीचे नाव हाती आले की त्यावरून तिचे पूर्वज कोठून आले हे कळेल काय, हा प्रश्न अभ्यासकांना फार पूर्वीपासून मोहात पाडत आला आहे. ऑस्ट्रेलिया हे या प्रश्नाचे सर्वांत मोठे परीक्षास्थान ठरले. युरोपीय वसाहत १७८८ साली सुरू झाली तेव्हा त्या खंडात सुमारे २५० भाषा बोलल्या जात होत्या. लेखनाची परंपरा नव्हती, म्हणजे शिलालेख नाहीत, बखरी नाहीत. हाती होती ती केवळ नावे, कथा आणि जिवंत भाषा. ही नावे ज्या एका माणसाने जवळजवळ सत्तर वर्षे गोळा केली, त्या नॉर्मन बार्नेट टिंडेल यांच्या जीवनाच्या आधाराने आपण हा विषय समजून घेणार आहोत. त्यांचे बरोबर कोठे आले आणि चुकले कोठे, या दोन्ही गोष्टींकडे आपण सारखेच लक्ष द्यावे, ही विनंती.

बालपण आणि कीटकांची शिस्त

टिंडेल यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९०० रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला. वडील साल्व्हेशन आर्मी या धर्मसंस्थेत हिशेबनीस होते. संस्थेच्या कामासाठी हे कुटुंब १९०७ साली टोकियोला गेले आणि नॉर्मन यांचे शालेय वय जपानमध्ये गेले. आपली भाषा घरात एक आणि रस्त्यावर दुसरी, हा अनुभव त्यांना लहानपणीच मिळाला. पुढे कुटुंब ऑस्ट्रेलियाला परतले व अॅडलेड येथे स्थायिक झाले. तरुणपणी वडिलांना छायाचित्रणाच्या कामात मदत करीत असताना अॅसिटिलीन वायूचा स्फोट झाला आणि त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. पुढचे सारे निरीक्षण त्यांनी एका डोळ्याने केले.

अॅडलेडच्या साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये ते कीटकशास्त्राचे साहाय्यक म्हणून लागले. पतंगांच्या एका कुळावर त्यांनी आयुष्यभर काम केले. ही बाब आपण सहज सोडून देऊ नये. कीटकसंग्राहकाचा पहिला नियम असा की पकडलेल्या प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी हवी आणि त्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख व पकडणाऱ्याचे नाव हवे. ठिकाण न लिहिलेला पतंग कितीही सुंदर असला तरी शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी. टिंडेल यांनी माणसांकडे वळल्यावरही हा नियम सोडला नाही. त्यांचे सामर्थ्य याच सवयीत होते, आणि माझ्या मते त्यांच्या मर्यादेचे मूळही तेथेच होते. पतंगांच्या जाती एकमेकींत मिसळत नाहीत, जमाती मिसळतात.

ग्रूट आयलंड : सीमारेषांचा वाद

१९२१ साली संग्रहालयाने त्यांना उत्तरेस कार्पेंटारियाच्या आखातातील ग्रूट आयलंड या बेटावर संग्रहासाठी पाठविले. निघण्यापूर्वी त्या काळचे ख्यातनाम मानवशास्त्रज्ञ बॉल्डविन स्पेन्सर यांनी त्यांना क्षेत्रीय टिपणे कशी ठेवावीत याचे थोडे मार्गदर्शन केले. बेटावर आणि लगतच्या किनाऱ्यावर त्यांचा मुक्काम वर्षाहून अधिक काळ झाला. तेथे मारोआदुनेई नावाचा ङांडी जमातीचा एक माणूस त्यांना भेटला. प्रत्येक जमातीची भूमी ठरलेली असते, तिला सीमा असतात आणि त्या सीमा ओलांडायच्या तर रीतसर परवानगी लागते, हे या माणसाने त्यांना समजावून सांगितले. पुढील सत्तर वर्षांच्या कामाची दिशा या शिकवणीने ठरली. चरित्रे विद्वानांच्या नावाने लिहिली जातात, पण या विषयातील पहिला गुरू मारोआदुनेईच होता हे आपण ध्यानात ठेवावे.

अॅडलेडला परतून टिंडेल यांनी शोधनिबंध लिहिला आणि सोबतच्या नकाशात जमातींच्या सीमा आखल्या. संपादकीय पातळीवर त्या सीमारेषा काढून टाकण्यात आल्या. आदिवासी भटके असतात, त्यांना कसली आली हद्द, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती. त्या समजुतीमागे केवळ अज्ञान नव्हते. जी माणसे कोठेच राहत नाहीत त्यांची जमीन घेतली असे म्हणता येत नाही, आणि साऱ्या खंडाच्या मालकीचा कायदेशीर डोलारा याच गृहीतकावर उभा होता. टिंडेल यांना ही गोष्ट फार लागली. संपूर्ण खंडाचा नकाशा करावयाचा आणि प्रत्येक नाव त्याच्या भूमीवर बसवावयाचे, असा त्यांचा निश्चय तेव्हापासूनचा आहे.

पुढच्या काळातील एका कामाचा उल्लेख येथेच करतो. १९२९ साली हर्बर्ट हेल यांच्यासमवेत त्यांनी मरी नदीच्या काठी डेव्हन डाउन्स येथील शैलाश्रयात थरांनुसार उत्खनन केले. वरच्या व खालच्या थरांतील हत्यारे वेगळी निघाली. ऑस्ट्रेलियातील लोक अलीकडेच आले आणि आल्यापासून बदललेच नाहीत, या समजुतीला त्यामुळे पहिला पुराव्यानिशी धक्का बसला.

नावे काय सांगतात?

आता भाषेकडे येऊ. टिंडेल यांनी जी नावे जमविली त्यांचा अर्थ पाहू लागलो की काही घडणी पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली घडण आपल्या ओळखीची आहे. मेलबर्नच्या परिसरातील कुलिन, नैर्ऋत्य कोपऱ्यातील न्युंगार, आर्नहेम लँडमधील योल्ङू, या सर्व शब्दांचा अर्थ ‘माणूस’ किंवा ‘माणसे’. कोरकूंसारखेच. दुसरी घडण मात्र आपल्याला चकित करील. आग्नेय भागातील अनेक नावे ‘नाही’ या शब्दावरून पडलेली आहेत. विराजुरी म्हणजे ‘नाही’ला ‘विराय’ म्हणणारे. कामिलरॉय म्हणजे ‘कामिल’ म्हणणारे. वेंबा-वेंबा आणि यिथा-यिथा यांत तर नकाराचीच द्विरुक्ती आहे. क्वीन्सलंडमधील काबी आणि वाक्का ही शेजारी नावेही त्या त्या भाषेतील नकारावरूनच आली. याचे नवल वाटत असेल तर दक्षिण फ्रान्समधील लांगदोक प्रांत आठवा. तेथे ‘होय’साठी ‘ओक’ म्हणतात, म्हणून ती ओकची भाषा.

तिसरी घडण मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात आढळते. पिट्यंट्याट्यारा आणि यांकुन्ट्याट्यारा या जमातींच्या बोली इतक्या जवळच्या आहेत की दोघांचे परस्परांशी सहज बोलणे होते. ‘जाणे-येणे’ या क्रियेसाठी एक गट ‘पिट्यंट्या’ हा शब्द वापरतो, दुसरा ‘यांकुन्ट्या’, आणि ‘ट्यारा’ या प्रत्ययाचा अर्थ ‘असलेले, बाळगणारे’. आणखी पश्चिमेचे ङान्याट्यारा म्हणजे ‘हे’ या अर्थी ‘ङान्या’ म्हणणारे. तेथून फार दूर, ईशान्य किनाऱ्यावरील गुगु यिमिथिर या नावातही तीच युक्ती आहे. ‘गुगु’ म्हणजे बोली आणि ‘यिमि’ म्हणजे ‘हे’. म्हणजे ‘हे’साठी यिमि म्हणणारी बोली. कांगारू हा शब्द १७७० साली इंग्रजीत गेला तो याच भाषेतून.

येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. ‘नाही’ला विराय म्हणणारे, हे नाव केव्हा पडू शकेल? शेजारी कोणीतरी ‘नाही’ला दुसरे काही म्हणत असेल तेव्हाच. असे नाव एकट्याने राहणाऱ्या समूहाला पडत नाही, ते भेदातून जन्मते. म्हणून ते मूळ वंशाविषयी काही सांगत नाही. ते शेजाराविषयी सांगते, आणि फार तर एवढे सांगते की हा शेजार व हा शब्दभेद निर्माण झाल्यानंतरचे हे नाव आहे. माणूस या अर्थाचे नाव त्याहूनही कमी सांगते, कारण ते कोणीही कोठेही घेऊ शकतो.

हा संयम पूर्वीच्या अभ्यासकांनी पाळला नव्हता. रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ सालच्या द्रविड भाषांच्या तौलनिक व्याकरणात ऑस्ट्रेलियन भाषांतील सर्वनामांशी साम्ये नोंदविली आणि दक्षिण भारत ते ऑस्ट्रेलिया अशा प्राचीन नात्याची कल्पना बराच काळ लोकप्रिय राहिली. काबी आणि वाक्का या लोकांत तरुणपणी राहिलेल्या जॉन मॅथ्यू यांनी १८९९ साली त्यात भर घातली. काही जमातींत समाजाचे दोन भाग असून त्यांची नावे गरुड व कावळा या पक्ष्यांशी जोडलेली होती. त्यावरून मॅथ्यू यांनी दोन वेगळे वंश एकापाठोपाठ आले असा निष्कर्ष काढला. आज भाषाशास्त्र या दोन्ही गोष्टी मान्य करीत नाही. चार-दोन आखूड सर्वनामे सारखी असणे हा नात्याचा पुरावा नव्हे, त्यासाठी ध्वनींच्या नियमित संवादाची साखळी लागते.

१९३८ ची मोहीम आणि एक चूक

१९३८–३९ मध्ये हार्वर्ड व अॅडलेड या विद्यापीठांच्या संयुक्त मोहिमेत टिंडेल आणि अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जोसेफ बर्डसेल यांनी ऑस्ट्रेलियाचा मोठा भाग पालथा घातला. टिंडेल वंशावळी लिहून घेत, बर्डसेल शरीराची मापे घेत. प्रत्येकाचे छायाचित्र काढले जाई, अनेकांच्या केसांची बट घेतली जाई. ज्यांची मोजमापे झाली त्यांना नकार देण्याची मोकळीक कितपत होती, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे, कारण ही माणसे बहुतांशी सरकारी वसाहतींत व मिशनांत बंदोबस्तात राहत होती. क्वीन्सलंडमधील पाम आयलंड आणि चेरबर्ग येथे तर १८९७ च्या कायद्यान्वये दूरदूरच्या जमातींतून उचलून आणलेले लोक एकत्र कोंडलेले होते. एका वसाहतीत अनेक नावे आणि त्यांपैकी बहुतेक नावांची भूमी शेकडो मैल दूर! टिंडेल यांनी कीटकशास्त्राची शिस्त येथे पाळली. माणूस कोठे भेटला हे तर लिहिलेच, पण त्याची जमात कोणती, आईची कोणती, आजीची कोणती आणि त्यांची भूमी कोठे, हेही लिहिले. प्राचीन स्थलांतराचा शोध घ्यायला निघालेल्या माणसाने सक्तीच्या ताज्या स्थलांतराची नोंद करून ठेवली.

चूक झाली ती केर्न्स शहरामागच्या पर्जन्यवनात. तेथील लोकांची उंची कमी होती. त्यावरून या दोघांनी १९४१ साली असे प्रतिपादन केले की या परिसरातील बारा जमाती हे खंडातील पहिल्या, ठेंगण्या वंशाचे अवशेष होत. पुढे बर्डसेल यांनी यातून तीन लाटांचा सिद्धान्त मांडला. आधी ठेंगणे लोक आले, मग मरी नदीच्या बाजूचे, शेवटी कार्पेंटारियाच्या बाजूचे. या बारा जमातींपैकी एकीचे नाव म्बाबाराम. तिची भाषा शेजारच्या सर्व भाषांहून इतकी वेगळी वाटे की तो पहिल्या वंशाचा भाषिक पुरावाच आहे, असे वाटणे स्वाभाविक होते.

या भाषेचा उलगडा १९६० च्या दशकात रॉबर्ट डिक्सन यांनी केला. म्बाबाराममध्ये कुत्र्याला ‘डॉग’ म्हणतात. होय, इंग्रजीसारखेच! फळ्यावर हा शब्द लिहिला की वर्गात हमखास हशा पिकतो. इंग्रजीतून उचललेला शब्द असेल असे डिक्सन यांनाही प्रथम वाटले. परंतु शेजारच्या यिडिन्य भाषेत कुत्र्याला ‘गुडागा’ म्हणतात. म्बाबाराममध्ये शब्दाचे पहिले अक्षर नियमाने गळते. गळालेल्या अक्षराचा ठसा उरलेल्या ‘आ’वर पडून त्याचा ‘ऑ’ होतो आणि अखेरचा स्वरही जातो. गुडागाचा ‘डॉग’ असा झाला. हीच प्रक्रिया इतर शब्दांतही दिसली. म्हणजे भाषा वेगळ्या वंशाची नव्हती. ती शेजाऱ्यांचीच होती, फक्त तिच्या शब्दांचे आरंभ झिजले होते. इंग्रजीशी झालेले साम्य हा योगायोग, आणि शेजाऱ्यांशी दिसणारा फरक ही वरवरची बाब. कॉल्डवेल व मॅथ्यू यांच्या चुकीचे हे उत्तम उत्तर आहे. शब्द सारखे दिसले म्हणून नाते ठरत नाही आणि वेगळे दिसले म्हणून ते तुटत नाही.

यात एक बोलका तपशील आहे. ऑस्ट्रेलियाचा सुमारे नऊ-दशांश भाग व्यापणाऱ्या भाषाकुळाला केनेथ हेल यांनी पामा-न्युंगान असे नाव दिले. खंडाच्या ईशान्य टोकाला ‘पामा’ म्हणजे माणूस आणि नैर्ऋत्य टोकाला ‘न्युंगा’ म्हणजे माणूस, या दोन शब्दांवरून. आणि ज्यांना वेगळा वंश ठरविले गेले ते पर्जन्यवनातील लोक स्वतःला काय म्हणवतात? बामा. म्हणजे तोच शब्द.

युद्ध, ग्रंथ आणि वाळवंटातील हालचाल

दुसऱ्या महायुद्धात टिंडेल हवाई दलात दाखल झाले. पडलेल्या जपानी विमानांच्या भागांवरील क्रमांक वाचून उत्पादनाचा अंदाज बांधणाऱ्या पथकात त्यांनी काम केले. लहानपणीची जपानी भाषा येथे कामास आली. जमातींचा पहिला नकाशा १९४० सालीच प्रसिद्ध झाला होता. १९६५ साली संग्रहालयातून निवृत्त झाल्यावर ते अमेरिकेस गेले आणि १९७४ साली त्यांचा मोठा ग्रंथ आला. त्यात सुमारे सहाशे जमातींची नावे, प्रत्येक नावाची पर्यायी रूपे, भूमी आणि सीमा दिलेल्या आहेत.

या ग्रंथाचा स्थलांतराविषयीचा सर्वांत भक्कम भाग प्राचीन काळाचा नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. तो टिंडेल यांच्या हयातीतला आहे. १९१५ च्या आसपासच्या भीषण दुष्काळात पिट्यंट्याट्यारा पूर्वेकडे सरकले आणि यांकुन्ट्याट्यारांना आणखी पूर्वेला जावे लागले. दोन्ही गटांची नावे तीच राहिली, भूमी बदलली. याचा अर्थ नकाशावरील रेषा ही एका क्षणाची नोंद असते. टिंडेल यांनी मात्र पुष्कळ ठिकाणी ती जणू सदाचीच असल्यासारखी आखली, आणि भाषा, जमात व भूमी या तिन्ही गोष्टी एकमेकींशी नेमक्या जुळतात असे मानले. पुढील अभ्यासकांनी यावर योग्य टीका केली. अनेक ठिकाणी एका माणसाला तीन-चार भाषा येत, विवाह दुसऱ्या भाषेच्या गटात होत आणि भूमीवरचा हक्क जमातीचा नसून लहान कुळांचा असे.

त्यांच्या पश्चात

टिंडेल यांचे निधन १९ नोव्हेंबर १९९३ रोजी कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथे झाले. आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात आदिवासींचा भूमीवरील मूळ हक्क मान्य केला होता. १९२० च्या दशकात ज्या रेषा नकाशावरून पुसल्या गेल्या, त्या टिंडेल यांच्या कागदपत्रांतून आता भूमीच्या दाव्यांत पुरावा म्हणून मांडल्या जाऊ लागल्या. त्यांच्या चुकांचा त्रासही दावेदारांना झाला, कारण छापील रेषेविरुद्ध तोंडी परंपरा सिद्ध करणे कठीण असते.

केसांच्या त्या बटांचे काय झाले, ते सांगून हा घटक थांबवू. त्या अॅडलेडच्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या होत्या. वंशजांची संमती घेऊन संशोधकांनी त्यांपैकी १११ नमुन्यांतील आईकडून येणारा जनुकीय वारसा वाचला आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसे सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी उत्तरेकडून आली, दोन्ही किनाऱ्यांनी झपाट्याने पसरली आणि मग आपापल्या प्रदेशात टिकून राहिली, असे त्यांतून दिसले. पर्जन्यवनातील वेगळ्या वंशाला व तीन लाटांना त्यात आधार मिळाला नाही. दुसरीकडे, २०१८ साली झालेल्या शब्दसंग्रहाच्या संगणकीय अभ्यासाने पामा-न्युंगान कुळाचा प्रसार सुमारे ६,००० वर्षांपूर्वी कार्पेंटारियाच्या आखाताच्या दक्षिणेकडून सुरू झाला असावा, असा अंदाज केला. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. आयांच्या परंपरा पन्नास हजार वर्षे आपल्या जागी, आणि भाषा सहा हजार वर्षांत खंडभर. म्हणजे भाषा आणि तिच्याबरोबर नावे, सारी लोकसंख्या न हलताही प्रवास करू शकतात.

हे नमुने पुन्हा वापरता आले, वंशजांपर्यंत पोहोचता आले, कारण प्रत्येक बटेसोबत नाव, ठिकाण आणि आजीपर्यंतची वंशावळ लिहिलेली होती. आजही लहानपणी कुटुंबापासून तोडल्या गेलेल्या माणसांची मुले-नातवंडे या वंशावळींत आपले नाव शोधायला येतात. कित्येकांना आजीचे छायाचित्र प्रथमच तेथे पाहायला मिळते, आणि त्यासोबत टिंडेल यांच्या हस्ताक्षरात तिच्या जमातीचे नाव.